सीताफळापासून स्तनातल्या गाठीपर्यंत

सीताफळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी १९४३ साली एम.एस्सी. केलं, ते याच सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर.

गुणसूत्रं म्हणजे पेशीतले बारीक धागे. गुण त्यांतूनच उतरतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. कातडीच्या एका पेशीच्या दोन झाल्या, तरी दोन्हींत ४६च. स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना मात्र निम्मी, म्हणजे २३ जातात. दोन्ही बीजं जुळली की पुन्हा ४६. म्हणून बाळ निम्मं आईचं, निम्मं वडिलांचं.

पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, तेही गुणसूत्रांतच ठरलेलं असतं. तिथे बिघाड साचत गेले की पेशी थांबतच नाही. हाच कर्करोग. बहुतेक बिघाड जन्मानंतर होतात. आपल्याकडचा खर्रा हे त्याचं एक कारण. थोड्या जणींत मात्र बिघाड बीजातूनच येतो, आईकडून किंवा वडिलांकडूनही.

कमलताईंनी पुढे मुंबईत उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. या रोगाचा वारशाशी संबंध ओळखणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्या होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

तेव्हा गाठ म्हणजे पाप नाही, करणी नाही. लाजेपोटी ती लपवू नका. मावशीला, आत्याला हा रोग झाला असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. एकटीला जायला भीती वाटली, तर गटातल्या दोघी सोबत जाऊ.