हजेरी घेण्याआधी

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना एका शब्दाशी दरवर्षी गाडी अडते. तो शब्द म्हणजे ‘शिक्षा’. टीव्हीवरच्या हिंदीत त्यांनी शिक्षा म्हणजे तालीम असं ऐकलेलं असतं आणि मराठीच्या पुस्तकात मात्र शिक्षा झाली की मूल रडत घरी जातं. मग मी त्यांना आणखी गंमत सांगते. आपली ‘तालीम’ मराठीत गेली ती थेट आखाड्यात, आणि ‘उस्ताद’ तिथे कुस्ती शिकवणारा वस्ताद झाला. उर्दूत ‘शिस्त बांधणे’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. मराठीत तीच शिस्त वर्गात येऊन बसली. ‘हाजिरी’ची हजेरी झाली, पण ‘हेडमास्तरांनी त्याची चांगली हजेरी घेतली’ असं म्हटलं की वहीतल्या टिकमार्कचा काही संबंध राहत नाही. उर्दूही फार मागे नाही. अदब या सुंदर शब्दापासून ‘तादीब’ निघाला, आणि आज वर्तमानपत्रात ‘तादीबी कारवाई’ दिसली की कुणाची तरी नोकरी धोक्यात आहे असं समजावं.

दोन्ही भाषांनी शिकणं आणि मार खाणं इतकं जवळजवळ ठेवलं आहे. वर्ग ताब्यात कसा ठेवायचा, हे नव्या शिक्षकाला आपल्याकडे कोणी आणि काय शिकवलं याचा इतिहास म्हणूनच पाहावासा वाटतो. दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक आंतरवासितेसाठी आमच्या शाळेत येतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, पोरं गप्प कशी बसवायची?” पाठ टाचण त्यांचं उत्तम असतं. उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, फलकलेखन सगळं जागच्या जागी. माझं बी.एड. झालं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. सूक्ष्म अध्यापनात पाच-सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी बसायचे. सहाध्यायी वर्गात भांडत नाहीत, बाकाखाली डबा उघडत नाहीत, कुणाची चप्पल खिडकीतून फेकत नाहीत. सराव पाठाला खरी मुलं मिळायची, पण शेवटच्या बाकावर निरीक्षण करणारे प्राध्यापक असायचे. मुलं त्यांना घाबरून शांत बसायची आणि गुण आम्हाला मिळायचे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतले आठवडे वीस झाले. प्रश्न मात्र तोच आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. आजच्या ट्युनिशियातल्या कैरवान शहरात इब्न सहनून नावाचे मालिकी फकीह होऊन गेले, इ.स. ८७० मध्ये त्यांचं निधन झालं. ‘आदाबुल मुअल्लिमीन’ ही त्यांची छोटी पुस्तिका शिक्षकांसाठी लिहिलेल्या सर्वांत जुन्या नियमावल्यांपैकी एक. तिच्यात मारावर मर्यादा घातलेली आहे: तीन फटक्यांच्या पुढे जायचं तर बापाची परवानगी हवी, डोक्यावर आणि तोंडावर मारायचं नाही, शिक्षा म्हणून मुलाचं खाणंपिणं अडवायचं नाही. शिक्षकालाही सोडलेलं नाही. मुलांना आपल्या खासगी कामाला पिटाळू नये आणि वर्ग सोडून जनाज्यालाही जाऊ नये, कारण त्याचा वेळ मुलांसाठी मोबदला देऊन घेतलेला आहे. (निवडणूक, जनगणना आणि अमुक सर्वेक्षण यांत अडकलेल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा कलम वाचून दाखवावासा वाटतो.)

इब्न सहनून यांनी फटके मोजले. पाचशे वर्षांनी इब्न खल्दून यांनी फटक्यांचं पुढे काय होतं ते विचारलं. १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दमा’त त्यांनी यावर एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की जाचाखाली वाढलेलं मूल आळशी होतं, मारणारा हात चुकवण्यासाठी खोटं बोलायला शिकतं, आत एक आणि बाहेर एक असं वागू लागतं आणि हळूहळू तोच त्याचा स्वभाव होतो. आपल्या घरांत उस्तादाच्या हाती मूल सोपवताना ‘हाडं आमची, चामडं तुमचं’ म्हणायची रीत होती आणि ती दीनदारीची खूण मानली जायची. हे म्हणणाऱ्यांनी इब्न खल्दून यांचं नाव ऐकलेलं असायचं. पान उघडलेलं नसायचं.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मराठी पंतोजीला कोणी प्रशिक्षण देत नव्हतं. गावातली शाळा, धूळपाटी, पाढे, मोडी आणि छडी हे त्याला मागच्या पंतोजीकडून मिळायचं. उठाबशा आणि अंगठे धरणं हीही त्याच वारशातली. पण त्याच्याकडे आणखी एक युक्ती होती. मोठी मुलं लहानांना शिकवत. मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने १७८९ च्या सुमारास एका देशी शाळेत मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं, मुलांकडून मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि इंग्लंडला जाऊन त्यावर पुस्तक लिहिलं. तिकडे जोसेफ लँकेस्टरने हीच पद्धत शेकडो मुलांच्या वर्गाला लावली. छडी त्याला पसंत नव्हती. पण त्याने काढलेले पर्याय पाहिले तर छडी बरी वाटावी. मुलाच्या मानेला लाकडी ओंडका अडकवायचा, किंवा टोपलीत बसवून छताला लटकवायचं, म्हणजे सगळ्या वर्गाने हसावं.

इथून गेलेली ही पद्धत तिकडचा साज चढवून परत आली. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली लँकेस्टरच्या रीतीने शिक्षक तयार केले आणि १८२६ मध्ये असे २४ शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत धाडले. सरकारी व्यवस्थेतले आपले पहिले प्रशिक्षित शिक्षक ते हेच. वर्ग कसा सांभाळायचा याचं त्यांना मिळालेलं उत्तर म्हणजे मॉनिटर. दोनशे वर्षं होत आली तरी तो जागा सोडायला तयार नाही. बाई वर्गाबाहेर गेल्या की आजही एक पोर खडू घेऊन फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहितं, आणि मित्राचं नाव गाळतं.

दुसरी वाट नगरला सुरू झाली. आमच्या आष्टी तालुक्याला बीडपेक्षा नगर जवळ, म्हणून हा इतिहास मला शेजारचाच वाटतो. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. फातिमा शेख यांच्याबद्दल आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. मला मात्र १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र पुरेसं बोलकं वाटतं. स्वतः आजारी असताना सावित्रीबाईंना काळजी आहे ती पुण्यात सगळा भार एकट्या फातिमावर पडला असेल याची, आणि ती तक्रार करणार नाही याची खात्रीही आहे. वर्ग सांभाळणाऱ्या दोन बायकांचा एकमेकींवरचा हा विश्वास कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात सापडत नाही.

या शाळांपुढची अडचण गोंगाटाची नव्हती. मूल शाळेपर्यंत येतं का आणि आलं तर उद्या पुन्हा येतं का, इथे सगळं अडत होतं. हा अनुभव गाठीशी असलेल्या जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन प्रत्येक छात्राध्यापकाने वाचावं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते त्या मुलांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायची वेळ आली तर त्यांना लाज वाटू नये. पगार दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २०. शिवाय गावच्या कारभारात काही जबाबदारी द्यावी, म्हणजे गावात त्यांना वजन राहील. वर्गावरच्या पकडीचा हा हिशेब मला आजही सर्वांत खरा वाटतो. ज्या मास्तरला गावात कोणी विचारत नाही, त्याला पोरंही विचारत नाहीत. आपल्याकडे २००० पासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. प्राथमिकच्या सेवकाचं मानधन २०२३ पर्यंत ६,००० रुपये होतं, मग १६,००० झालं. गावातल्या किराणा दुकानात उधारी मागणाऱ्या सरांना दुकानदाराचं पोर वर्गात कसं पाहत असेल, हे शिक्षणशास्त्राच्या कोणत्या घटकात येतं?

जोतीराव हे पुण्यात सांगत होते तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. १८८४ पासून तिथला कारभार फारसीऐवजी उर्दूत आला आणि वरच्या वर्गांत शिक्षणाचं माध्यमही उर्दूच होतं. घरी मराठी बोलणारं शेतकऱ्याचं पोर उर्दूच्या वर्गात बसायचं. न समजणारं मूल दोनच गोष्टी करतं: खाली मान घालून बसतं, नाहीतर खोड्या काढतं. दोन्हींचा अर्थ मास्तर ‘ढ’ आणि ‘वांड’ असा लावतात. मराठीतून शिकवणाऱ्या खासगी शाळांनी यावर वाट काढली. अंबाजोगाईला १९१७ मध्ये योगेश्वरी संस्था उभी राहिली आणि १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते. तिथे शिक्षक मुलांबरोबरच राहत. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं आणि पारडं फिरलं. आता उर्दू बोलणारं मूल मराठीच्या वर्गात खाली मान घालून बसतं. भाषा बदलली, बाक तोच. नव्या शिक्षकांनी एखाद्या मुलाला वांड म्हणण्याआधी त्याच्याशी त्याच्या घरच्या भाषेत दोन मिनिटं बोलून पाहावं, असं मी दोन्ही माध्यमांच्या छात्राध्यापकांना सांगते. “क्या हुआ रे?” एवढ्याने निम्मं काम होतं.

साने गुरुजींचं नाव इथे सगळे घेतात, म्हणून थोडक्यात. १९२४ ते १९३० ते अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. मुलं खोल्या झाडत नाहीत म्हटल्यावर त्यांनी स्वतः त्या झाडल्या. मुलं शरमली आणि झाडू हातात घेऊ लागली. हे गुरुजींना साधलं, कारण ते मुलांबरोबर राहत होते. एसटीने ये-जा करणाऱ्या शिक्षकाने एक दिवस वर्ग झाडला तर मुलं त्याला रोज झाडू देतील.

अमेरिकेत जेकब कुनिन यांनी हजारो वर्गांतल्या प्रसंगांची छाननी करून १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. खोडी झाल्यावर रागावण्याची चांगल्या आणि सामान्य शिक्षकांची पद्धत त्यांना फारशी वेगळी दिसली नाही. फरक होता तो खोडी होण्याआधीच्या वेळेत. चांगल्या शिक्षकाचं सगळ्या वर्गाकडे लक्ष असतं आणि मुलांना ते कळतं. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना तो वर्ग रेंगाळू देत नाही. आमच्या जुन्या बायांना पाठीला डोळे आहेत असं पोरं म्हणायची, ते हेच.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ ने मारायलाही बंदी केली आणि मानसिक छळालाही. म्हणजे लँकेस्टरची टोपलीही गेली. ‘आता आमचे हातच बांधले’ अशी कुरकुर स्टाफरूममध्ये ऐकू येते. कायदा बरोबरच आहे. पण कुरकुरीतही एक तथ्य आहे: छडी काढून घेतली आणि रिकाम्या हातात काय द्यायचं याचा अभ्यासक्रम तयार झाला नाही.

बीडमध्ये हे जास्त जाणवतं. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि बरोबर पोरं. त्यांत मुसलमान घरंही आहेत. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच जातात. फडावर बारा वर्षांची मुलगी पहाटे उठते, भाकरी थापते, दिवसभर धाकट्याला सांभाळते, बैलाला वाढं टाकते. पाच-सहा महिने मोठ्या माणसाचं आयुष्य जगून ती परत येते आणि आम्ही तिला बोटावर बोट, तोंडावर बोट ठेवायला सांगतो. ती ऐकत नाही. मग तिचं नाव फळ्यावर जातं. या मुलीला वर्गातून उठवून बाहेर उभं करणं फार सोपं आहे, कारण बाहेरची वाट तिच्या पायाखालची आहे. एकदा अपमान झाला की पुढच्या हंगामाला ती वसतिगृहात राहायला तयार होत नाही, आणि मग तिचं नाव हजेरीत फक्त लिहिण्यापुरतं उरतं.

आमच्याकडे छात्राध्यापक बहुतेक दिवाळीनंतर येतात. तेव्हा वर्ग निम्मा असतो आणि शांतही असतो. त्यांना वाटतं, आपल्याला जमलं. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांच्या हाती पाठ टाचण देत नाही. हजेरीपट देते आणि गैरहजर मुलांची नावं एका वहीत उतरवायला लावते. नावापुढे चार रकाने: घरची भाषा, कोणता कारखाना, बरोबर धाकटं भावंड आहे का, परत कधी येणार. ही माहिती शाळेत बसून मिळत नाही. वस्तीवर जावं लागतं, आजीशेजारी बसून चहा घ्यावा लागतो. सुरुवातीला ते कंटाळतात. गुणदान तक्त्यात याला एकही गुण नाही, हेही ते मला सांगतात, आणि ते खरं आहे.

कारखान्यांचा पट्टा पडला की मार्चच्या शेवटी मुलं एकेक करून परत येऊ लागतात. वर्ग भरतो, आवाज वाढतो. तोवर छात्राध्यापकांचे वीस आठवडे संपलेले असतात. ती वही तेवढी माझ्या टेबलावर असते.