पन्हाळ्याची वाट कुणी सोपी केली?

परवा रविवारी वाघबीळच्या वळणावर गाड्यांची रांग लागली होती. पुण्याची पासिंग, सांगलीची, बेळगावची, आपली नऊ नंबरची तर असतेच. कोल्हापूरपासून वीस किलोमीटर. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग ज्योतिबा, दुपारी पन्हाळ्यावर झुणका-भाकर, दही-खर्डा, सज्जाकोठीवर फोटो आणि अंधार पडायच्या आत खाली. आपल्याकडं आलेल्या पाहुण्याला आपणही हाच कार्यक्रम आखून देतो. मी स्वतः किती जणांना दिलाय, मोजलेलं नाही.

वाईट काही नाही त्यात. माणसांनी गड बघायलाच पाहिजे. पण त्या रांगेत दुचाकीवर बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली, ती सांगतो. आपण गाडीनं ज्या दारातून गडात शिरतो, ते दार तिथं नाहीच आहे.

पन्हाळ्याला मोठे दरवाजे तीन. पश्चिमेला तीन दरवाजा, उत्तरेला वाघ दरवाजा आणि पूर्वेला चार दरवाजा. पहिले दोन आजही उभे आहेत. चार दरवाजाचे मात्र अवशेषच उरलेत, आणि आपला डांबरी रस्ता तिथूनच वर येतो. बहुतेकांना वाटतं, काळाच्या ओघात पडला असेल. तसा तो पडलेला नाही. पाडलाय. कुणी पाडला, का पाडला, हे कळायला जरा मागं जावं लागेल.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या शेवटी, पन्हाळा राजधानीचं ठिकाण होतं. नंतर यादव, बहामनी, आदिलशाही. आज आपण ज्या तटाला टेकून फोटो काढतो, त्यातलं बरंच बांधकाम आदिलशाहीतलं. अफजलखानाच्या वधानंतर तीन आठवड्यांच्या आत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, शिवाजी महाराजांनी गड घेतला. पुढं मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय.

शाळेत एक गोष्ट मात्र घाईत उरकतात. चार महिन्यांहून जास्त काळ हजारोंची फौज खाली बसलेली असताना वरची माणसं जगली कशावर? त्याचं उत्तर अंबरखान्यात आहे. गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारं. एकट्या गंगा कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं, अशी नोंद आहे. छताला भोकं ठेवलेली, बाहेरून जिना, वरून धान्य ओतायचं. आणि पाण्यासाठी तळी, विहिरी. तीन दरवाजाजवळची अंधार बाव बघा. तळाला विहीर, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायला चोरवाट. शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीलाच किल्ला केलाय. आपण तिथं आत डोकावतो, 'एऽऽ' म्हणून आवाज घुमतो का बघतो आणि पुढं जातो.

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज राजदिंडीतून बाहेर पडले. खाली नेबापूरच्या शिवा काशिदांनी महाराजांचं सोंग घेऊन जीव दिला. म्हसाईच्या पठारावरून पालख्या धावल्या आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. १६७३ ला कोंडाजी फर्जंद साठ माणसं घेऊन रात्री चढले आणि गड परत घेतला. म्हणजे या गडावरून जायची आणि गडावर यायची जी वाट इतिहासात गाजली, ती दरवेळी अवघड वाट आहे.

आता इंग्रजांचं बघू. इंग्रज पन्हाळ्याला तीनदा आले.

पहिल्यांदा १६६० मध्ये. सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतून हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आला आणि निशाण लावून गडावर मारा केला. गड काही पडला नाही. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर जाऊन वखार लुटली आणि या गोऱ्या मंडळींना कैदेत टाकलं.

दुसऱ्यांदा १७०१ मध्ये. तेव्हा पन्हाळ्याला औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस नजराणे घेऊन बादशहाला भेटायला इथल्या छावणीत आला. व्यापाराचं फर्मान पाहिजे होतं. ते मिळालं नाही. हात हलवत गेला.

तिसऱ्यांदा १८४४ मध्ये. यावेळी मात्र ते जिंकले, आणि आपला विषय इथंच सुरू होतो.

पन्हाळा तोवर कोल्हापूर गादीची राजधानी राहून गेला होता. ताराराणींनी इथून कारभार केला, १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात गेली. गड सांभाळायचं काम होतं गडकऱ्यांकडं. ही पिढीजात माणसं. तटाची राखण, पहारा, डागडुजी हे त्यांनी करायचं आणि त्याबदल्यात जमिनी खायच्या. १८४४ मध्ये इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडित या कारभाऱ्यानं नवा बंदोबस्त आणला. गडाकडच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात द्यायचं ठरलं. सामानगडावर ठिणगी पडली, भुदरगड पेटला, मग पन्हाळा. गडकऱ्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला धरून पन्हाळ्यावर कोंडला. एवढी हिंमत! इंग्रजांनी मोठी फौज आणली, तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि १ डिसेंबर १८४४ ला गड घेतला. चार दरवाजा गेला तो याच धामधुमीत. गडकऱ्यांच्या पलटणी मोडल्या, गडांच्या तटबंद्या निकामी केल्या.

म्हणून म्हणतो, पन्हाळ्याची वाट सोपी केली ती इंग्रजांनी, गडकऱ्यांना हरवून. त्याच वाटेवरून पुढं बंगले आले, थंड हवेचं ठिकाण झालं, कचेऱ्या आल्या, आणि आता आपली सहल येते. गड राखणारा माणूस गेला आणि गड बघणारा माणूस आला. १८४४ ची उलाढाल ती एवढीच.

आता एक समाधी सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांची. शिवकाळापासून पाच छत्रपतींचा कारभार बघितलेला माणूस. १७१५ च्या सुमारास कोल्हापूर गादीसाठी लिहिलेलं 'आज्ञापत्र' त्यांच्या नावावर आहे. त्यात गड कसा राखावा यावर सबंध प्रकरण आहे. आणि हा माणूस पन्हाळ्यावरच चिरविश्रांती घेतोय. परवा तिथं अर्धा तास बसलो. दोघं आले. दोघांनीही पार्किंग कुठं आहे ते विचारलं.

पंतांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगतो. गडाची वाट सुगम ठेवू नका. असलीच तर मोडा, झाडी वाढू द्या, दुसरीकडून अवघड वाट काढा. एकाच झऱ्यावर विसंबू नका, टाकी-तळी बांधून पाणी राखा. गडावरची झाडं जपा, काठीसुद्धा तोडू देऊ नका. आणि केरकचरा! वाटेवर, बाजारात, तटाजवळ कचरा पडू द्यायचा नाही. गोळा केलेला कचरा गडाखाली ढकलायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात घालून भाजीपाला करायचा. तीनशे वर्षांपूर्वीचं हे घनकचरा व्यवस्थापन. आता कुठल्याही बुरुजावर उभं राहून तटाखाली बघा. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोलच्या प्लेटा. पंतांनी जे करू नका म्हटलं, त्याची यादी करून आपण एकेक पुरं केलंय.

वाट सोपी ठेवण्याची किंमत आपण एकदा मोजलीये. जुलै २०२१ आठवतोय का? खाली पंचगंगा शहरात शिरली होती आणि वर गडाचा मुख्य रस्ता चार दरवाजापाशीच खचला. पुढं कित्येक महिने गाडी वर जाईना. गडावरची माणसं सामान घेऊन पायी चढ-उतार करत होती, हॉटेलवाल्यांच्या चुली थंड होत्या. हा डोंगर वर जांभ्याचा, खाली काळ्या पाषाणाचा. जांभा पाणी पितो, पाषाण अडवतो, मधली माती सुटते. अशा कडेवर भर पावसात आपण शेकड्यानं गाड्या नेतो. रस्ता पुन्हा झाला आणि रांग पुन्हा सुरू झाली. धडा काय घेतला, ते वाघबीळला रविवारी दिसतं.

आता जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. अभिमान आहेच. पण गडावरच्या ओळखीच्या माणसांशी बोललो की अभिमानाच्या मागून काळजी निघते. पन्हाळा म्हणजे रिकामा किल्ला नाही. तीन हजारांच्या आसपास वस्ती आहे, नगरपरिषद आहे, तालुक्याच्या कचेऱ्या आहेत. लहानपणी वडिलांबरोबर सात-बाराच्या कामाला मी इथं यायचो. माझ्यासाठी पन्हाळा आधी तहसील होता, इतिहास नंतर. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. हा कायदा जुनाच आहे, पण आता अंमल कडक होणार असं सगळ्यांना वाटतंय. बापजाद्यांच्या घराचं छप्पर बदलायचं तर कुणाला विचारायचं, ही त्यांची भीती आहे. ती खोटी म्हणून उडवून लावू नका. १८४४ मध्येही गड सांभाळणाऱ्याला न विचारताच वरून नवा बंदोबस्त आला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. पन्हाळ्याला दोन धोके आहेत. एक, तो नुसता पिकनिक स्पॉट होणं. दोन, माणसं हटवून तो काचेच्या कपाटातला गड होणं. दोन्हीवर उपाय एकच, गडावरच्या माणसाला आजचा गडकरी माना. गाड्या पायथ्याला थांबवा, वर ने-आण करायला लहान बस ठेवा, त्या चालवायचं आणि वाट दाखवायचं काम गडावरच्या पोरांना द्या. भाकरी थापणाऱ्या मावशींची जागा पक्की करा, हटवू नका. पार्किंगचा पैसा गडाच्या पाण्याला आणि कचऱ्याला लावा. नियम करायचे तर नगरपरिषदेच्या सभागृहात, लोकांना समोर बसवून करा.

आणि आपण, जाणाऱ्यांनी काय करायचं? एकदा तरी चालत या. तीन दरवाजाच्या बाजूनं आत शिरा, म्हणजे गडाला दार असतं हे कळेल. अंधार बावीत आवाज न घुमवता दोन मिनिटं थांबा. अंबरखान्याचा जिना चढून छतावरची भोकं बघा. पंतांच्या समाधीपाशी बसा, पार्किंग विचारू नका. म्हसाईच्या सड्यावर जाल तर गाडी खालीच ठेवा. सप्टेंबरात तिथं जी फुलं येतात, ती इंचभर मातीवर उगवतात, चाकाखाली गेलेली माती परत येत नाही. वेळ कमी असेल तर ज्योतिबा पुढच्या वेळी करा, देव रागवत नाही. एका दिवसात पाच ठिकाणं उरकण्यापेक्षा एक नीट बघा. भाकरी मात्र गडावरच खा आणि कचरा पिशवीत घालून खाली आणा.

बाजीप्रभूंच्या पुतळ्यासमोर आपण सगळेच फोटो काढतो. माझाही आहे. त्यांनी खिंड अडवली ती मागून येणाऱ्याला वाट सोपी मिळू नये म्हणून. रविवारी रांगेत उभे असाल तेव्हा एवढं आठवा.

गडावरच्या आणि आसपासच्या मंडळींनी खाली लिहा. माझं कुठं चुकलं असेल तर तेही सांगा. गाड्या पायथ्याला थांबवायच्या म्हटलं तर तुमच्या धंद्याचं काय होईल, हे तुमच्याकडूनच ऐकायचंय. त्यावर पुढची पोस्ट लिहीन.