गाडगेबाबांच्या धर्मशाळा

श्रोतेहो, गावचा रोगी मुंबईच्या इस्पितळात दाखल झाला, की त्याला खाट मिळते. पण सोबत आलेल्या बायकोने, लेकराने रात्री पडायचे कुठे? फूटपाथवर! घरदार असलेला माणूसही शहरात असा बेघर होतो.

हे दुःख गाडगेबाबांनी ओळखले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी ते जन्मले. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातलगांना आसरा झाला. बाबांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

१९५६ साली बाबा गेले. दादरला कॅन्सरच्या रोग्यांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आहे. गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा. आणि मंडळी, शहरात जाल तेव्हा अशा ठिकाणी चार पैसे ठेवा. ज्याच्यापाशी पैसा नसेल त्याने तासभर झाडू हाती धरावा. बाबांच्या हिशेबी तेही दानच होते.