‘आर्क’ म्हणजे नेमकी कुठली पेटी?

ज्यू परंपरेवरचं वाचन आपण सातारा-सांगलीकडचे विद्यार्थी बहुतेक इंग्रजीतूनच करतो. तिथे ‘आर्क’ हा शब्द सारखा भेटतो. नोहाची आर्क, कराराची आर्क, सिनेगॉगमधली आर्क. साहजिकच वाटतं, तिन्हींमागे एकच कल्पना असणार. हिब्रूत तसं नाही.

नोहाचं जहाज म्हणजे ‘तेवा’. हिब्रू बायबलात हा शब्द आणखी एकाच गोष्टीत येतो: बाळ मोशेला ज्या लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवलं, तिच्यासाठी. एक ३०० हात लांब, दुसरी तान्ह्या बाळापुरती. पण दोन्हींना डांबर लावलेलं, आणि दोन्हींतला जीव पाण्यातून वाचतो. हा धागा शब्दातच आहे.

दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली, सोन्याने मढवलेली पेटी मात्र ‘अरोन’. आता गंमत बघा: मिसरमधली योसेफाची शवपेटीही अरोन, आणि मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे टाकायची पेटीही अरोनच! म्हणजे शब्द अगदी साधा, पावित्र्य आतल्या वस्तूचं.

मग घोळ कुठे झाला? लॅटिन बायबलने नोहाच्या तेवाला आणि कराराच्या अरोनला, दोन्हींना ‘आर्का’ म्हटलं. मोशेची पेटी मात्र टोपली झाली. वेगळे शब्द एक झाले, एक होता तो तुटला. मराठी बायबलात नोहाचं ‘तारू’ आणि कराराचा ‘कोश’ वेगळे राहिले, हे मला जास्त बरं वाटतं.

महाराष्ट्रावर काम करणाऱ्याची खरी अडचण यापुढे आहे. इ.स. २०० च्या सुमाराच्या मिश्नात ‘तेवा’ म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायची पेटी. दुष्काळातल्या उपवासाला ती गावच्या चौकात आणून तिच्यावर राख टाकत. पुढे सेफार्दी रिवाजात गुंडाळ्यांचं कपाट ‘हेखाल’ झालं आणि ‘तेवा’ म्हणजे जिथे उभं राहून वाचन करतात तो चौथरा. आपल्याकडच्या बेने इस्रायल आणि बगदादी सिनेगॉगांत हेच शब्द चालतात. त्यामुळे मुंबईच्या १७९६ मधल्या शाआर हारहमीमचं किंवा पुण्याच्या लाल देवळाचं वर्णन वाचताना तुम्ही तेवा म्हणजे ‘आर्क’ असा कोशातला अर्थ लावलात, तर गुंडाळ्या थेट चौथऱ्यावर जाऊन बसतील आणि इमारतीचा अख्खा नकाशा चुकेल. इंग्रजी वर्णनातली ‘आर्क’ म्हणजे हेखाल. आपल्याकडे तो साधारणपणे पश्चिमेच्या भिंतीला असतो, कारण जेरुसलेम त्या बाजूला.

क्षेत्रकामाला जाताना (आधी परवानगी काढा, सुरक्षेमुळे आयत्या वेळी आत सोडत नाहीत) ‘आर्क कुठे आहे?’ असं विचारू नका. ‘सेफेर तोरा कुठे ठेवता?’ आणि ‘वाचता कुठे?’ असे दोन प्रश्न विचारा. समोरचा जो शब्द वापरेल तो तसाच देवनागरीत टिपा. अर्थ पुढच्या रकान्यात.