पेलाग्रा व मनोविकार
निकोटिनिक अम्ल (नायासिन) या ब गटातील जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे होणारा त्रुटिजन्य रोग. त्वचेवरील चट्टे, अतिसार व मानसिक विकृती ही त्याची प्रमुख लक्षणे होत. पुष्कळ रुग्णांत निरुत्साह, निद्रानाश, चिडखोरपणा व विषण्णता प्रारंभीच दिसू लागतात. पुढे संभ्रम व अखेरीस बुद्धिभ्रंश होतो. आहाराचा मनःस्थितीशी असलेला कार्यकारणसंबंध ज्या थोड्या रोगांमुळे निःसंदिग्धपणे सिद्ध झाला, त्यांत याची गणना अग्रक्रमाने करावी लागेल.

स्पेनच्या अस्तूरियास प्रांतातील वैद्य गास्पार कासाल याने १७३५ मध्ये या रोगाचे निरीक्षण केले. त्याचे वर्णन मात्र मरणोत्तर, १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण हे मक्यावर गुजराण करणारे गरीब शेतकरी असून मांस त्यांना क्वचितच मिळते, हे त्याने नमूद केले होते. त्यांची अकारण खिन्नताही त्याच्या नजरेतून सुटली नाही. ‘खरखरीत त्वचा’ या अर्थाचे नाव फ्रांचेस्को फ्रापोल्ली या इटालियन वैद्याने १७७१ मध्ये रूढ केले. उत्तर इटलीतील वेड्यांच्या इस्पितळांत एकोणिसाव्या शतकात अशा रुग्णांचा मोठा भरणा असे. चेझारे लोंब्रोसोने खराब झालेल्या मक्यातील विषावर दोष ठेवला. कासालने जे प्रत्यक्ष पाहिले होते, ते पटण्यास जवळजवळ दोन शतके जावी लागली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९०७ पासून हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. तो संसर्गजन्य असावा, असा समज बळावला असता जोझेफ गोल्डबर्गर यांच्याकडे १९१४ मध्ये संशोधन सोपविण्यात आले. मनोरुग्णालयांतील रुग्णांना रोग होतो, पण त्यांच्यातच वावरणाऱ्या सेवकांना होत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी हेरली. अनाथालयांच्या आहारात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढविताच रोग हटला. उलटपक्षी, १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या आश्वासनावर तयार झालेल्या ११ कैद्यांना निकृष्ट आहारावर ठेवले असता ६ जणांना रोग जडला. टीकाकारांचे समाधान न झाल्याने गोल्डबर्गर, त्यांची पत्नी व सहकारी यांनी १९१६ मध्ये रुग्णांचे रक्त व मलमूत्र स्वतःच्या शरीरात घेतले. कोणासही बाधा झाली नाही. तथापि रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे, हा निष्कर्ष दक्षिणेतील पुढाऱ्यांना रुचला नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये निधन पावले. कॉनराड एल्व्हेजेम यांनी १९३७ मध्ये कुत्र्यांतील तत्सम रोग निकोटिनिक अम्लाने बरा केला. लवकरच मानवी रुग्णांवरही ते वापरण्यात आले आणि काही दिवसांतच संभ्रम व औदासीन्य ओसरले. ट्रिप्टोफेन या ॲमिनो अम्लापासून शरीरात नायासिन बनते, तसेच मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनीनही बनते. यावरून सर्व प्रकारची विषण्णता जीवनसत्त्वाने बरी होते, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल.

ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या पठारावरही हा रोग आढळतो. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचे कारण ज्वारीतील ल्यूसीनाच्या आधिक्यात शोधले. हे मत सर्वमान्य झालेले नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत असल्याने त्यातील बद्ध नायासिन मोकळे होते व रोग सहसा उद्‌भवत नाही. मलावीतील मोझँबिकी निर्वासितांना मिळणारा भुईमूग बंद पडल्यावर १९९० मध्ये सुमारे १८,००० जणांना पेलाग्रा झाला.