पाण्याविना वल्हे : एका चाकाचा इतिहास (थ्रेड)

इ.स.पूर्व चौथ्या शतकात अथेन्सच्या कॅब्रियस या सेनानीने नवख्या वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावरच लाकडी चौकटींवर बसवून वल्हवायला शिकवले, असे पॉलिएनस हा प्राचीन लेखक सांगतो. ताल जमला असेल. पण पाण्याचा विरोध तेथे कोठून येणार?

हे कोडे विसाव्या शतकात सुटू लागले. 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॉन हॅरिसन यांनी आणि पुढे नॉर्वेच्या अभियंत्यांनी जड गतिचक्र, म्हणजेच फ्लायव्हील, घर्षणाने रोखणारी यंत्रे बनवली. मात्र घर्षणाचा पट्टा चाकाला संथ वेगात जेवढा अडवतो, जवळजवळ तेवढाच तो जोरकस वेगातही अडवतो. पाणी असे वागत नाही. होडीचा वेग दुप्पट करायचा तर विरोध सुमारे चौपट होतो आणि शक्ती आठपट लागते.

अमेरिकेतील व्हरमाँट येथे वल्ही बनवणाऱ्या डिक आणि पीट ड्रायसिगॅकर या बंधूंनी 1981 मध्ये सायकलच्या चाकाला पाती लावून यंत्र विक्रीस आणले. हवा हीदेखील पाण्यासारखी प्रवाही; तिचाही विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. जे गणित पट्ट्याला जमले नाही, ते पंख्याने फुकटात केले!

चाकाच्या वजनाचे काम वेगळेच. वल्हे पाण्याबाहेर असताना होडी आपल्या वस्तुमानामुळे पुढे सरकत राहते. यंत्रात ती भूमिका चाकाची. दोन ओढींच्या मध्ये चाक किती झपाट्याने मंदावते, यावरूनच पुढील यंत्रांनी हवेचा विरोध मोजला. हवेची झडप कोणी कितीही उघडली, तरी केलेले काम त्यामुळे अचूक कळू लागले.

पाणी नसलेल्या मुलखाला याचे मोल अधिक. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावे आले.

ठाकुर्लीला उल्हासची खाडी जवळ आहे खरी. पण लोकलच्या वेळापत्रकात भरती-ओहोटी बसत नाही. तेथे जुन्या सायकलच्या चाकापासून घरीच पॅडलिंगचे यंत्र करायचे, तर डाव्या-उजव्या ओढीसाठी दोन दोऱ्या, दोन फ्रीव्हील आणि दोऱ्या परत खेचणारे रबर लागते. चाक दोन ओढींत जवळजवळ थांबत असेल, तर कडेला वजन वाढवावे. ओढ पोकळ वाटेल इतके ते स्वतःच फिरत राहिले, तर पाती रुंद करावीत.