पाटीवरचं नाव

दुकानाला नाव ठेवणं वेगळं आणि दुकानाला नावं ठेवणं वेगळं. आपल्या व्यापारी घरांत पहिल्याचा फार विचार होतो, कारण दुसऱ्याची धास्ती असते. पाटीवर कुणी महावीर घालतं, कुणी पद्मावती, कुणी अरिहंत, तर कुणी आजोबांचं नाव. ते नाव गिऱ्हाईक बोलावतं, तसं मालकाला बांधूनही ठेवतं. महावीरांच्या नावाखाली बसून मापात पाप करायचं झालं तर हात थोडा तरी थरथरावा, अशी त्यामागची जुनी समजूत आहे.

मी राहते त्या नामपल्लीत दरवर्षी जानेवारीत नुमाइश भरते. औद्योगिक प्रदर्शन हे तिचं कागदोपत्री नाव, पण हैदराबादेत तसं कुणी म्हणत नाही. लखनौची चिकन, काश्मिरी शाली, खुर्ज्याच्या बरण्या, लोणची, चादरी, सगळं एका मैदानात. इथं शेकडो दुकानं शेजारीशेजारी, म्हणजे नजर खेचून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. कुणी ओरडतं, कुणी गातं, कुणी ‘दुकान बंद होणार’ अशी पाटी दरवर्षी लावतं. त्यात कुणाचं काही बिघडत नाही, आपणही हसून पुढे जातो. ही नुमाइश सुरू झाली १९३८ साली, इथल्याच बागे-आममध्ये, म्हणजे आजच्या पब्लिक गार्डन्समध्ये. उस्मानिया विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी मुलखातल्या कारागिरांचा माल लोकांपुढे यावा म्हणून ती मांडली. हे १९३८ साल लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

नजर खेचण्याचीच गोष्ट, पण ही हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला एक नवं रेस्टॉरंट उघडलं. नाव ‘हिटलर्स क्रॉस’. हिटलरचं मोठं चित्र आणि त्याच्या पक्षाचं स्वस्तिक लावलेलं. मालक ज्यूंचा द्वेष करणारा होता असं कुणीच म्हटलं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं: नाव वेगळं हवं, एकदा ऐकलं की डोक्यात राहायला हवं. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी हरकत घेतली, इस्राएलच्या वकिलातीनं घेतली, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी गेली. ज्यू प्रतिनिधींशी बोलणं झाल्यावर आठवड्याभरात मालकानं नाव बदलायचं कबूल केलं. खटला नाही, मोडतोड नाही. गोष्ट तिथं मिटली.

पण दुसऱ्याच वर्षी मुंबईतल्या एका विक्रेत्यानं चादरींचा नवा माल काढला, त्याला नाव दिलं ‘नाझी कलेक्शन’ आणि माहितीपत्रकावर स्वस्तिकं छापली. विचारल्यावर उत्तर आलं की ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, ‘न्यू अरायव्हल झोन ऑफ इंडिया’ची. २०१२ साली अहमदाबादेत पुरुषांच्या कपड्यांचं एक दुकान निघालं, नाव नुसतं ‘हिटलर’, आणि इंग्रजी ‘आय’वरच्या टिंबात स्वस्तिक. खुलासा असा की भागीदाराचे आजोबा कडक स्वभावाचे, त्यांना घरात हिटलर म्हणत. नाव बदलायला हवं तर पाट्या-छपाईवर झालेला खर्च भरून द्या, असंही मालक म्हणाले. पुढे तीही पाटी उतरली.

आजोबांचं उत्तर खोटं असेलच असं मला वाटत नाही. आपल्या बोलण्यात हा शब्द कुठं नाही? शिस्तीची बाई म्हणजे हिटलर. सासू हिटलर, हेडमास्तरीण हिटलर, पोरांना नऊ वाजता झोपवणारी आईसुद्धा हिटलर. २०११ साली झी टीव्हीवर ‘हिटलर दीदी’ नावाची मालिका आली. घरासाठी राबणारी, जरा करड्या आवाजाची मुलगी तिची नायिका. बाहेरदेशी तिचं नाव ‘जनरल दीदी’ करावं लागलं, आपल्याकडे कुणाला खटकलं नाही. आबिड्सच्या फूटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथं स्वयंपाकाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र मी कितीदा पाहिलं आहे. विकणाऱ्याला ते ‘चालणारं पुस्तक’, इतकंच.

शाळेत आपण दुसरं महायुद्ध शिकलो ते कारणं आणि परिणाम लिहिण्यापुरतं. म्हणून हिटलर आणि दुकान यांचा संबंध काय, हे इथं सविस्तर सांगते. संबंध फार जवळचा आहे.

हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. ज्यूंविरुद्ध देशभर ठरवून केलेली त्याच्या राजवटीची पहिली मोहीम दोनच महिन्यांत झाली, आणि ती होती दुकानांविरुद्ध. १ एप्रिल १९३३, वार शनिवार. ज्यूंच्या दुकानांच्या दारांत गणवेशातले स्वयंसेवक उभे केले. हातात फलक: ज्यूंकडून खरेदी करू नका. काचांवर पिवळ्या-काळ्या रंगात सहा टोकांची चांदणी काढली. शनिवार हा ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस, तेव्हा कित्येक धार्मिक दुकानदारांची दारं तशीही बंदच होती. बहिष्कार एका दिवसाचाच, पण पाटी वाचून गिऱ्हाईक परत फिरवण्याची सवय तिथून लावली गेली.

पाच वर्षांनी, ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ ला, काचा फुटल्या. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची साधारण साडेसात हजार दुकानं लुटली, फोडली, शेकडो सिनेगॉग जाळले. रस्त्यावर इतक्या काचा पडल्या की त्या रात्रीला काचांचंच नाव पडलं. सुमारे तीस हजार पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेलं. मागे राहिलेल्या बायका कचेऱ्यांच्या दारांत रांगा लावून उभ्या राहिल्या, कारण देश सोडून जाण्याचे कागद दाखवले तर नवरा सुटण्याची आशा होती. आणि या सगळ्याचा दंड कुणाला? ज्यूंनाच, शंभर कोटी मार्क. विम्याचे पैसे सरकारनं घेतले, दुरुस्ती दुकानदारांनी स्वतःच्या खर्चानं करायची. वर हुकूम निघाला की १ जानेवारी १९३९ पासून ज्यूंनी किरकोळ दुकानदारी करायचीच नाही.

इथं बागे-आममध्ये कारागिरांना दुकानं मांडून दिली ते साल १९३८. तिथं एका अख्ख्या समाजाची दुकानं मोडली तेही १९३८. त्यानंतरच्या सात वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले. सुरुवात दुकानाच्या पाटीपासून झाली होती, आणि तेच नाव आपण दुकानाच्या पाटीवर चढवतो.

‘पण ते लांब जर्मनीत झालं, खारघरचा काय संबंध?’ असं कुणी विचारेल. खारघर रायगड जिल्ह्यात येतं, पनवेल तालुक्यात. याच जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून तिथल्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. ती माणसं कोकणात राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. गावांवरून आडनावं घेतली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमचे केहिमकर. अलिबागेत इस्राएल आळी आहे. खुद्द पनवेलला १८४९ सालचं सिनेगॉग आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या, १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावाचं. किती मराठी बायकांची बाळंतपणं त्या हातांनी सुखरूप झाली असतील!

जर्मन वर्चस्वाच्या भीतीनं युरोप सोडलेले काही ज्यूही इथं आले. वॉल्टर कॉफमन हे संगीतकार १९३४ साली प्रागहून मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीत रुजू झाले. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी जी धून ऐकत आपल्या आयांनी चूल पेटवली, तिचं श्रेय त्यांना दिलं जातं.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येनं इस्राएलला गेले. आज भारतात सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास असतील. मला वाटतं, मेख इथंच आहे. अशी पाटी लावणारा धाडसी नसतो, हिशेबी असतो. ज्यांना लागेल ते किती, आणि ज्यांना गंमत वाटेल ते किती, हा हिशेब त्यानं मनातल्या मनात केलेला असतो. ज्या समाजाची मतं लाखांत आहेत त्याच्या दुःखावर नाव ठेवायला कुणी धजत नाही. थोडक्यांचं दुःख स्वस्त पडतं.

हे आपल्याला कळायला हवं, कारण आपणही थोडेच आहोत. २०११ च्या जनगणनेत देशभरात जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, शंभरात अर्धासुद्धा नाही. एखाद्या जाहिरातीत मुनिवेषाची थट्टा झाली, संथाऱ्याबद्दल कुणी उथळ बोललं, की आपल्या घराघरांत दुखतं. ‘एवढं काय त्यात?’ असं समोरच्यानं म्हटलं की जास्तच दुखतं. तेच वाक्य आपल्या तोंडून दुसऱ्या थोडक्यांना ऐकू जाऊ नये.

आणखी एका कारणानं हा विषय आपल्या देवघरापर्यंत येतो. आपण पाटावर अक्षतांचा साथिया काढतो. चार बाजू म्हणजे चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच, नरक. वर तीन पुंजके म्हणजे सम्यक दर्शन, ज्ञान आणि चारित्र. त्यावर चंद्रकोर, ती सिद्धशिला. या चिन्हात कुणाचा द्वेष नाही, उलट जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची वाट आहे. हिटलरच्या पक्षानं तेच चिन्ह तिरकं करून, काळ्या रंगात, लाल झेंड्यावर घातलं. महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाण वर्षात, १९७४-७५ साली, सगळ्या पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारलं, त्यात स्वस्तिक आहे. पण उत्तर अमेरिकेतल्या जैन संघटनांच्या महासंघानं, ‘जैना’नं, आपल्या बोधचिन्हात स्वस्तिकाच्या जागी ॐ घेतला, कारण तिकडे ज्यांची घरं त्या चिन्हाखाली उजाड झाली ते शेजारी राहतात. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, देरासरात साथिया निघतोच. फक्त रस्त्यावरच्या पाटीवर काय मिरवायचं, एवढाच विवेक केला. याला मी अहिंसाच म्हणेन.

आणि इकडे आपल्याच देशातले दुकानदार, ज्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक असतं, ते हिटलरच्या चित्राशेजारी स्वस्तिक लावून बसले! परदेशातल्या आपल्या लेकी-सुना शेजारणींना वर्षानुवर्षं समजावतात की आमचं स्वस्तिक वेगळं आहे. त्या समजावण्यावर एका पाटीनं पाणी पडतं.

मग गिऱ्हाईक म्हणून आपण काय करायचं? मोर्चा काढायला नको, काचा फोडायला तर मुळीच नको, काचा फोडणं कुणाचं काम होतं ते वर आलंच आहे. दुकानात जाऊन मालकाला शांतपणे सांगता येतं की या नावानं कुणाचं काय झालं. खारघरची पाटी बोलण्यानंच बदलली होती. आणि नाहीच ऐकलं, तर पायऱ्या न चढणं आपल्या हातात असतंच. घराची चादर कुठून यायची आणि चहा कुठं प्यायचा, हे बहुतेक घरांत बायकाच ठरवतात.

उलटही करता येतं, म्हणजे पायऱ्या मुद्दाम चढता येतात. १ एप्रिल १९३३ च्या त्याच शनिवारी बर्लिनमध्ये ‘काउफहाउस देस वेस्टेन्स’ या ज्यू मालकांच्या मोठ्या दुकानापुढे फलकवाले उभे होते. नव्वदी गाठलेल्या यूली बोनहोएफर नावाच्या आजीबाई तिथं आल्या. पुढे हिटलरच्या विरोधात उभे राहून १९४५ साली फाशी गेलेले धर्मोपदेशक डीट्रिश बोनहोएफर हे त्यांचे नातू. आजीबाई त्या गणवेशवाल्यांच्या रांगेतून सरळ चालत आत गेल्या, आणि रोजच्यासारखी खरेदी करून बाहेर आल्या.